दारावर आलेला इन्स्पेक्टर कसा वाचायचा? ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

आम्ही पुण्याहून इंग्लंडला आलो तेव्हा मुलीची नववी झाली होती. इथे तिला थेट ‘इयर टेन’मध्ये बसवलं. गणित-विज्ञानाची काळजी नव्हती. अडलं ते इंग्रजी साहित्यात. तिकडे साहित्याचा पेपर म्हणजे ‘कोण कोणास म्हणाले’ आणि संदर्भासह स्पष्टीकरण. इथे एका नाटकावर एकच प्रश्न, साधारण पाऊण तास, आणि हातात पुस्तक नाही. पहिल्या निबंधात तिनं चार पानं भरून गोष्ट लिहिली, अगदी शुद्ध इंग्रजीत. शिक्षिकेनं खाली एवढंच लिहिलं होतं की गोष्ट मला माहीत आहे, नाटककारानं ती अशी का रचली ते सांग.

ते नाटक म्हणजे जे. बी. प्रीस्टली यांचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’. इंग्लंडमध्ये जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेला, बसणाऱ्या पुष्कळ मुलांना ते असतं, आणि प्रश्न बहुतेक वेळा फिरून फिरून एकाच माणसापाशी येतो. रात्रीच्या जेवणानंतर दार वाजवून आत येणारा, कुठून आला ते शेवटपर्यंत न कळणारा इन्स्पेक्टर गूल. नाटककाराचं समाजाविषयीचं म्हणणं हा माणूस प्रेक्षकांपर्यंत कसं पोचवतो, हे ज्याला नीट लिहिता आलं त्याला अर्धं नाटक आलं. मी आणि मुलगी वर्षभर यात गुंतलो होतो. तुमचं मूल आत्ता सुरुवातीला असेल तर आम्ही कुठे चुकलो आणि कुठे वाट सापडली, ते इथे क्रमानं लिहिते.

आधी हे जमवा

- नाटकाची स्वतःची प्रत. शाळेची नको, कारण समासात लिहायचं आहे.
- तुमच्या परीक्षा मंडळाचं नाव. हे शाळेला विचाराच. काही मंडळं नाटकातला उतारा देऊन प्रश्न विचारतात, काही देत नाहीत. एक्यूए मंडळात उतारा नसतो. दोन प्रश्नांतला एक निवडायचा, गुण ३४, आणि त्यातले ४ शुद्धलेखन, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेचे.
- मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना. मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.
- दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक पातळ वही.

आणखी एक. या नाटकाच्या मुळाशी एका तरुण मुलीची आत्महत्या आहे, आणि इन्स्पेक्टर ती स्पष्ट शब्दांत सांगतो. चौदा-पंधराच्या मुलाला एकट्याला वाचायला लावू नका. शेजारी बसा. आमच्या घरी पहिल्या दिवशी नाटक बाजूला ठेवून तासभर नुसतं बोलणंच झालं, आणि ते बरं झालं.

१. एका बैठकीत, मोठ्यानं वाचा

तीन अंक आहेत, पण सगळं एका घरात, एका जेवणघरात, एका रात्रीत घडतं. अंक संपतो तिथेच पुढचा उघडतो. पहिल्या अंकाच्या शेवटी इन्स्पेक्टर दारात उभा राहून ‘वेल?’ असं विचारतो, आणि दुसरा अंक त्याच क्षणापासून, त्याच प्रश्नानं सुरू होतो. मध्ये घड्याळ एक मिनिटही पुढे सरकलेलं नसतं. रोज चार पानं वाचली तर ही पकड हाताला लागत नाही. घरातल्यांनी भूमिका वाटून घ्या. उच्चार चुकले तरी चालतील.

गोष्ट थोडक्यात अशी. ब्रमली नावाच्या कल्पित कारखानदारी शहरात, १९१२ च्या वसंतात, बर्लिंग कुटुंब मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी करतंय. इन्स्पेक्टर येतो आणि ईव्हा स्मिथ नावाची मुलगी मेल्याचं सांगतो. मग एकेक करून कळतं की घरातल्या प्रत्येकाचा तिच्याशी संबंध आला होता. वडील आर्थर यांनी तिला संपात पुढे झाली म्हणून कारखान्यातून काढलं. मुलगी शीलानं रागाच्या भरात तक्रार करून तिची दुकानातली नोकरी घालवली. होणारा जावई जेरल्ड क्रॉफ्ट याच्याशी तिची ओळख डेझी रेंटन या नावानं झाली. त्यानं तिला आसरा दिला, जवळ केलं आणि सोडून दिलं. मुलगा एरिकपासून तिला दिवस गेले. आणि आई सिबिल यांनी, ज्या संस्थेच्या त्या कर्त्याधर्त्या होत्या त्या महिला मदत संस्थेच्या दारातून तिला परत पाठवलं.

परीक्षेत ही गोष्ट पुन्हा सांगायची नाही.

२. वहीत दोन वर्षं लिहा: १९१२ आणि १९४५

नाटक घडतं १९१२ मध्ये, लिहिलं गेलं १९४४-४५ च्या हिवाळ्यात. मधल्या तेहतीस वर्षांत दोन महायुद्धं झाली. बर्लिंग जेवणाच्या टेबलावर छाती फुगवून सांगतो की युद्ध होणार नाही आणि टायटॅनिक बुडणार नाही. १९४५ च्या प्रेक्षकाला दोन्हींचं काय झालं ते ठाऊक आहे. म्हणजे इन्स्पेक्टरनं पाऊल टाकण्याआधीच या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे प्रेक्षकाला कळून चुकलंय. मग तोच बर्लिंग म्हणतो की माणसानं आपलं आणि आपल्या घरचं बघावं, बाकीच्यांची काळजी हा खुळेपणा. युद्धाबद्दल आणि जहाजाबद्दल चुकलेला माणूस याबाबतीत तरी बरोबर असेल का, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभा राहतो.

प्रीस्टलींबद्दल लक्षात ठेवण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते कामाचं आहे. जन्म १८९४ चा, ब्रॅडफर्डचा. गाव लोकरीच्या गिरण्यांचं, वडील शाळामास्तर आणि समाजवादी विचारांचे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते लोकरीच्या पेढीत कारकून झाले. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले, जखमी झाले. १९४० मध्ये बीबीसीच्या रेडिओवर रविवारी रात्री बोलायचे आणि ते ऐकायला देश बसायचा. युद्धानंतरचा समाज अधिक न्यायाचा असावा, हे ते तिथेच बोलू लागले होते. म्हणजे बर्लिंगसारखी माणसं त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिलेली होती.

इथला एक सापळा मुलांना हमखास पकडतो. ‘लोकांनी मजूर पक्षाला मत द्यावं म्हणून लंडनमध्ये हे नाटक केलं’ असं लिहू नका. निवडणूक जुलै १९४५ ची. नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं १९४५ मध्ये सोव्हिएत संघात, आणि लंडनच्या न्यू थिएटरमध्ये १९४६ मध्ये, राल्फ रिचर्डसन यांना इन्स्पेक्टरच्या भूमिकेत घेऊन. लंडनच्या प्रेक्षकानं मत आधीच दिलेलं होतं. त्याला हे नाटक सांगत होतं की जे निवडलंय त्यापासून आता मागे फिरू नका. हा फरक एका वाक्यात लिहिता आला तरी परीक्षकाला दिसतं की मुलानं तारखा नुसत्या पाठ केलेल्या नाहीत.

३. घंटेचं पान शोधा आणि तिथे थांबा

पहिल्या रंगाची पेन्सिल घ्या. बर्लिंग दोघा तरुणांना आपलं तत्त्वज्ञान ऐकवतोय. हल्ली काही विक्षिप्त लोक म्हणतात की सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं, जणू पोळ्यातल्या मधमाश्या. तसं काही नसतं, ज्यानं त्यानं आपलं पाहावं… आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दारावरची घंटा खणकन वाजते.

प्रीस्टली इथे स्वतः एक शब्दही बोलत नाहीत. घंटेनं बर्लिंगचं वाक्य तोडलं, बस्स. आपल्याकडे खोटं बोलताना पाल चुकचुकली की मोठी माणसं नुसती एकमेकांकडे बघतात, तसं काहीसं होतं. बाहेरचा माणूस आत येण्याआधी त्याचं उत्तर आत आलंय.

मग रंगसूचना पाहा, अगदी नाटकाच्या सुरुवातीपासूनच्या. त्या नटांसाठी असतात असं समजून मुलं त्या ओलांडून पुढे जातात. तसं करू नका, खरा ऐवज तिथेच आहे. इन्स्पेक्टर येईपर्यंत उजेड गुलाबी, जवळिकीचा ठेवावा आणि तो आल्यावर अधिक लख्ख आणि कडक करावा, असं प्रीस्टलींनी लिहून ठेवलंय. ‘पिंक अँड इंटिमेट’, मग ‘ब्रायटर अँड हार्डर’. हे चार-पाच शब्द पाठ करा. गुलाबी काचेतून स्वतःकडे बघणाऱ्या घरात एक माणूस आला आणि सगळं जसं आहे तसं दिसू लागलं. त्याला आत आणते ती एडना, घरची मोलकरीण. त्या टेबलाशी बसायचा हक्क नसलेली एकटीच ती, आणि दार तीच उघडते.

त्याचं वर्णनही नीट वाचा. तो थोराड असायलाच हवा असं नाही, पण आल्याबरोबर भक्कम, ठाम आणि काही एक ठरवून आलेला वाटला पाहिजे. पन्नाशीतला, साधा गडद सूट घातलेला. बोलण्याआधी समोरच्याकडे रोखून बघायची त्याची सवय आहे. त्या टेबलावर मोठं कोण हे पैशावर, कपड्यांवर आणि ओळखींवर ठरतं. याच्याकडे त्यातलं काहीच नाही आणि तरी खोली त्याची होते.

४. तो काय म्हणतो यापेक्षा काय करतो त्याची यादी करा

आमच्या मुलीची गाडी इथे रुळावर आली. दुसऱ्या रंगाची पेन्सिल घेऊन इन्स्पेक्टरच्या फक्त कृती अधोरेखित करा. आमच्या यादीत हे आलं:

- तो फोटो दाखवतो, पण एका वेळी एकालाच. दुसरा कुणी डोकावू लागला तर आडवा येतो.
- एका वेळी एक माणूस आणि चौकशीचा एकच धागा, नाहीतर गोंधळ होतो, असं सांगतो.
- दारू पुढे केली तर घेत नाही. कामावर आहे, म्हणतो.
- बर्लिंग पोलीसप्रमुखांशी असलेली ओळख सांगतो, त्यांच्याबरोबर गोल्फ खेळतो म्हणतो. इन्स्पेक्टरला त्याचं काही वाटत नाही, तो गोल्फ खेळत नाही.
- शीला आणि जेरल्ड यांना मुद्दाम एकटं सोडतो, म्हणजे ती दोघं एकमेकांची तपासणी करतात.

या प्रत्येकापुढे विचारा: हे घरातल्या कुणाला करता आलं असतं का? जेरल्डला पुढे याच घरात जावई व्हायचंय. शीला मुलगी आहे. एरिकचं कुणी ऐकत नाही. बर्लिंगला ‘सर’ हा किताब मिळायची आशा आहे. प्रत्येकाला एकमेकांकडून काहीतरी हवंय आणि म्हणून प्रत्येकजण काहीतरी झाकतोय. ज्याला त्या घरातून काहीच नकोय, अगदी पेलाभर दारूसुद्धा नको, त्यालाच विचारणं जमतं. नाटककारानं बाहेरचा माणूस आणला तो यासाठी. आपल्याकडे वाटणीच्या भांडणात गावचा नसलेला पंच का बोलावतात, ते आठवा.

आणि संदेश पोचतो तो याच पद्धतीतून. फोटो एकेकाला दाखवल्यामुळे प्रत्येकाची कबुली वेगळी होते, पण प्रेक्षक त्या पाचही जोडत जातो. साखळी प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होते. कुणी एकानं त्या मुलीला मारलेलं नाही. प्रत्येकानं थोडंसंच केलं. बर्लिंगचं उदाहरण घ्या: आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत होते, मुलींनी पंचवीस मागितले. अडीच शिलिंगांचा प्रश्न होता. आपला वाटा एवढासाच, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. इन्स्पेक्टर नुसता बेरीज करतो.

सगळ्यात धारदार प्रसंग दुसऱ्या अंकाच्या शेवटी आहे. सिबिलबाई ठणकावून सांगतात की दोष मुलाच्या बापाचा, त्याला सगळ्यांसमोर जाब द्यायला लावा. इन्स्पेक्टर त्यांना अडवत नाही. उलट आणखी एक प्रश्न विचारतो, आणखी एक. शीलाला आधी उमगतं, ती आईला गप्प करायला बघते. बाईंचं बोलणं संपतं आणि दारातून एरिक आत येतो. न्याय काय असावा ते बाईंनी स्वतः सांगितलंय, आता तो स्वतःच्या मुलाला लावायचा आहे. इन्स्पेक्टरनं इथे शिकवण म्हणून एक वाक्यही उच्चारलेलं नाही. निबंधात एकच प्रसंग खोलात घ्यायचा असेल तर हा घ्या.

५. शेवटचं भाषण बेतानं वापरा

जाण्यापूर्वी इन्स्पेक्टर थोडं लांब बोलतो. एक ईव्हा स्मिथ गेली, पण लाखो ईव्हा स्मिथ आणि जॉन स्मिथ मागे उरलेत. आपण एकेकटे जगत नाही, आपण एकाच शरीराचे अवयव आहोत. माणसं हे शिकली नाहीत तर आग, रक्त आणि यातनांतून शिकवली जातील. सगळी मुलं हेच पाठ करतात आणि निबंधात ओततात. परीक्षक दिवसभर तेच वाचतो.

वापरा, पण भाषण इतक्या शेवटी का आलं ते लिहा. कीर्तनात बुवा पूर्वरंगात तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. इथे क्रम उलटा आहे. आख्यान आधी झालं, पाच माणसांची झाडाझडती झाली, मग तत्त्व आलं. तोवर प्रेक्षकाला ते नाकारायला जागा उरलेली नाही. पहिल्याच पानावर हे बोलला असता तर बर्लिंगनं त्याला त्या ‘विक्षिप्त लोकां’मध्ये ढकललं असतं, आणि प्रेक्षकानंही.

सर्वनामं बघा. रात्रभर तो बहुतेक वेळा ‘तुम्ही’ म्हणतोय, इथे ‘आपण’ म्हणतो. ‘मेंबर्स ऑफ वन बॉडी’ या शब्दांत बायबलमधल्या सेंट पॉलच्या पत्रांचा सूर आहे. रविवारी चर्चला जाणाऱ्या त्या काळच्या प्रेक्षकाला तो ओळखीचा होता. आमच्या घरी हे समजायला तुकोबा मदतीला आले. ‘विष्णुमय जग’ या अभंगाचा शेवट ‘एका देहाचे अवयव’ असाच आहे, आणि एका अवयवाचं सुखदुःख सगळ्या जिवाला भोगावं लागतं असं तो सांगतो. मुलीला हा अभंग शाळेपासून पाठ होता. त्यामुळे इन्स्पेक्टर काय म्हणतोय ते तिला समजावून सांगावंच लागलं नाही. उत्तरात मात्र बायबलच लिहा.

‘आग, रक्त आणि यातना’ हे १९१२ च्या माणसाला भविष्य आहे. १९४६ च्या प्रेक्षकाला ती घराबाहेरची पडकी भिंत आहे. दुसऱ्या पायरीवरची दोन वर्षं इथे जोडा.

६. तो गेल्यानंतरची पानं सगळ्यात जास्त वेळा वाचा

आम्ही पहिले दोन महिने ही पानं वरवर वाचली. इन्स्पेक्टर गेला, आता त्याच्याबद्दल काय लिहायचं, असं वाटायचं. तसं मुळीच नाही.

तो गेल्यावर जेरल्ड बातमी आणतो की गूल नावाचा कुणी इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच. बर्लिंग फोन करून खात्री करून घेतो. मग इस्पितळात विचारतात, तर तशी कुणी मुलगीही आलेली नाही. फोटो सगळ्यांना एकच दाखवला कशावरून, मुली वेगवेगळ्या असतील, असा तर्कही निघतो. बर्लिंगच्या जिवात जीव येतो, तो पुन्हा पेला भरतो, हसतो. आईबाप आणि जेरल्डच्या दृष्टीनं विषय संपला. शीला आणि एरिक मात्र त्यांच्याबरोबर हसू शकत नाहीत. तुम्ही काहीतरी शिकायला लागला होतात आणि आता थांबलात, असं शीला म्हणते. जेरल्ड अंगठी परत पुढे करतो, ती लगेच घेत नाही. आणि फोन वाजतो. एक मुलगी आत्ताच इस्पितळाच्या वाटेवर मेली आहे, चौकशीला पोलीस इन्स्पेक्टर निघालाय. पडदा.

मुलगी हे सगळं एका रविवारी माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर मराठीत सांगत होती. पोलीस खोटा निघाला इथवर आल्यावर आई म्हणाली, “अगं, पोलीस खोटा असेल, पण ह्यांनी केलेलं खोटं का?” मुलगी कॉल बंद करून सरळ टेबलाशी जाऊन बसली. त्या दिवशीचा निबंध तिचा पहिला खरा निबंध.

आई जे म्हणाली तीच या नाटकाची कसोटी आहे, आणि ती इन्स्पेक्टर नसताना लागते. तो खोलीत असेपर्यंत सगळेच थोडेफार वाकले होते, पोलिसाच्या धाकानं म्हणा, लाजेनं म्हणा. धाक गेल्यावर कोण कुठे उभा राहतो? बर्लिंगला फक्त बोभाट्याची भीती होती, ती टळली की त्याचं काम झालं. एरिक म्हणतो, तो माणूस कुणीही असो, मी केलं ते केलंच. बाहेरच्या माणसाला निघून जावं लागतं ते यासाठी. तो थांबला असता तर शीला बदलली की घाबरली, हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

सिबिलबाई तर कुठेच बदलत नाहीत, हेही लिहा. प्रीस्टलींनी इन्स्पेक्टरला सर्वशक्तिमान केलेलं नाही. धाकट्यांवर परिणाम होतो, थोरल्यांवर होत नाही. जो अजून घडतोय त्याच्याकडून नाटककाराला आशा आहे.

७. ‘तो नक्की कोण होता?’ या प्रश्नात बुडू नका

गूल हे नाव उच्चारायला ‘भूत’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखंच आहे. मुलं त्यावर पानभर लिहितात: भूत, देवदूत, भविष्यातून आलेला माणूस, सामूहिक विवेक. प्रीस्टलींना काळाच्या स्वरूपाविषयी खरंच कुतूहल होतं आणि त्यावर त्यांनी नाटकं लिहिली आहेत, त्यामुळे यातलं काहीही सुचणं चूक नाही. पण नाटक उत्तर देत नाही. तेव्हा उत्तर शोधण्यापेक्षा उत्तर न दिल्यानं काय साधलं ते लिहा.

मला सुचलेलं सांगते. या पाच जणांनी ईव्हाशी जे केलं त्यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कायदा कुणालाही हात लावू शकत नाही. कामावरून काढणं गुन्हा नाही. तक्रार करणं, सोडून देणं, मदत नाकारणं, काहीच गुन्हा नाही. एरिक दारूच्या नशेत तिच्या खोलीत जबरदस्तीनं शिरला आणि त्यानं बापाच्या कचेरीतून पैसे चोरले, एवढे अपवाद, आणि तेही घरातल्या घरात दाबले गेले असते. खरा पोलीस पाच मिनिटांत टोपी घालून निघाला असता. प्रीस्टलींना पोलिसाचा दरारा हवा होता, पण पोलिसाच्या हातातल्या कायद्यापेक्षा मोठा कायदा विचारायचा होता. म्हणून पोलीस असलेला-नसलेला हा माणूस. गूढपणा म्हणजे शोभेची झालर नाही, त्याच्याशिवाय हा प्रश्न विचारताच आला नसता.

मराठी वाचकाला इथे जोतीराव फुल्यांचं १८५५ चं ‘तृतीय रत्न’ आठवेल. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी लुबाडतो. मग बाहेरचा एक पाद्री येऊन कुणब्याशी बोलतो आणि विदूषक मधूनमधून प्रेक्षकांना सगळं उलगडून सांगतो. घरातल्यांशी बोलणारा एक आणि प्रेक्षकांशी बोलणारा दुसरा, अशी ती वाटणी आहे. प्रीस्टलींनी दोन्ही कामं एकट्या गूलवर टाकली. हे परीक्षेत लिहायचं नाही, पण ज्या घरात फुले वाचले जातात तिथे मुलाला जरूर सांगा. नाटकातून समाजाला हलवू बघणं आपल्याला नवं नाही, हे कळलं की पुस्तक परकं राहत नाही.

८. शक्य असेल तर प्रयोग बघा

स्टीव्हन डाल्ड्री यांनी १९९२ मध्ये नॅशनल थिएटरसाठी बसवलेला प्रयोग पुढे वर्षानुवर्षं ब्रिटनभर फिरत राहिला. तुमच्या शहरात आला तर सोडू नका. त्यात बर्लिंगांचं घर खांबांवर उभं, बाहुलीघरासारखं छोटं आहे, आणि खाली पावसानं भिजलेला, युद्धात उद्ध्वस्त झालेला रस्ता. इन्स्पेक्टर त्या रस्त्यावर उभा. घरातल्यांना एकेक करून खाली यावं लागतं. ‘बाहेरचा माणूस’ म्हणजे काय ते मुलाला एका नजरेत कळतं. मात्र उत्तरात डाल्ड्रींची कल्पना प्रीस्टलींच्या नावावर खपवू नका. मूळ पुस्तकात घर नेहमीसारखं, भक्कम आहे.

९. आता परिच्छेद लिहा

आधी मराठीत बोलून घ्या, मग इंग्रजीत लिहा. आम्ही प्रत्येक परिच्छेदासाठी चार प्रश्न ठेवले: नाटककार काय करतो, कुठे दिसतं, त्यातला कुठला शब्द किंवा कृती, आणि १९४५ च्या माणसाला ते का लागलं असतं. मुलीच्या वहीतला एक परिच्छेद मराठीत असा होईल:

“प्रीस्टली इन्स्पेक्टरला बर्लिंगच्या विचारांचं उत्तर म्हणून आत आणतात. ‘आपलं आपण बघावं’ हे बर्लिंगचं वाक्य घंटेनं मध्येच तुटतं, म्हणजे त्या विचाराला शेवटचा शब्द मिळतच नाही. त्याबरोबर उजेड ‘ब्रायटर अँड हार्डर’ होतो. ‘हार्डर’ या शब्दात चौकशीचा कडकपणा आहे आणि जे दिसणार आहे ते बघणं सोपं नाही ही सूचनाही. नुकतंच युद्ध पाहिलेल्या प्रेक्षकाला ठाऊक होतं की प्रत्येकानं फक्त आपलं बघितलं असतं तर कुणीच वाचलं नसतं.”

असे चार परिच्छेद पुरतात. ‘माउथपीस’, म्हणजे नाटककाराचं म्हणणं बोलून दाखवणारं पात्र, हा शब्द सगळेच लिहितात, तुम्हीही लिहा, पण त्यापुढे लगेच पुरावा द्या. इन्स्पेक्टर म्हणजेच प्रीस्टली असं सरसकट मात्र म्हणू नका, कारण पात्र नाटककारानं घडवलंय. म्हणून वाक्याचा कर्ता शक्यतो प्रीस्टलींना ठेवा: ‘इन्स्पेक्टर फोटो दाखवतो’ याऐवजी ‘प्रीस्टली इन्स्पेक्टरला फोटो एकेकालाच दाखवायला लावतात’. एवढ्या एका सवयीनं मुलीचा निबंध गोष्टीतून बाहेर आला.

अवतरणं लांब नकोत. दोन ते पाच शब्दांची दहा पुरे. आम्ही ती कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून स्वयंपाकघरातल्या फ्रिजला लावली होती.

पेपरात पहिली पाच मिनिटं आखणीला ठेवा. शेवटची पाच नावांचं स्पेलिंग तपासायला, कारण ते चार गुण हातचे आहेत. प्रीस्टलीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’नंतर ‘ई’ येतो आणि शेवट ‘ई-वाय’नं होतो. शीलामध्ये मात्र ‘ई’ आधी आणि ‘आय’ नंतर. आमच्याकडे सराव परीक्षेत दोन्ही उलटे झाले होते.